दम अठ्ठावन्न

"थांब तिथंच! अरे थांब! वाट बघ म्हणतोय ना!"

नाशिक रोडच्या सरकारी कॉलनीत रविवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावरून असा ओरडा आला, की खाली तांदूळ निवडत बसलेल्या झुंबरबाई मान वर न करता म्हणायच्या, "बसले वाटतं कॅप्टन कॉम्प्युटरपुढं."

वाल्मीक कुटे हा काही कॉलेजचा पोरगा नव्हता. एकेचाळीस वर्षांचा, कार्यालयात वरिष्ठ लिपिक, गुडघ्यावर जुन्या पडण्याची चकाकती खूण. पहाटे क्लबच्या मुलींना सायकलींवर दिंडोरी रस्त्याला न्यायचं, दिवसभर फायली, आणि सुट्टीला लाइट असेल तेवढा वेळ तो खेळ. सीडी त्याच्या मुलीच्या, स्नेहलच्या, मैत्रिणीनं एम. जी. रोडवरून आणलेली. त्यात सायकल आपण मारायची नसते. आपण संघाचा मॅनेजर. पडद्यावर परदेशातले घाट, रंगीबेरंगी जर्सींचा घोळका, आणि प्रत्येक गड्याच्या नावापुढं नव्व्याण्णवपैकी आकडे: चढ किती, सपाटी किती, वेग किती, दम किती. नावाखाली एक हिरवी पट्टी. ताकद सरेल तशी ती आखडत जाते. आपण नुसते हुकूम सोडायचे. पुढं हो. वारा अंगावर घे. पाण्याच्या बाटल्या आण. वाट बघ.

'वाट बघ' हा वाल्मीकचा हातखंडा हुकूम. एकानं थांबायचं, मागं पडलेल्या पुढाऱ्याला आपल्या पाठीमागं घ्यायचं, वारा आपण खायचा आणि त्याला ओढत वर न्यायचं. शेवटी हात वर करणार तो, आपण नाही.

हे वाल्मीक खेळात शिकला नव्हता. एक्याण्णव साली राज्याच्या शर्यतीत तो संघाचा कॅप्टन होता आणि पेठकडच्या पाड्यावरचा सहादू त्याचा गडी. घाटात सहादू सगळ्यांच्या पुढं होता, एकटा. पायथ्याशी वाल्मीकचं पुढचं चाक बसलं. त्यानं हाक मारली. सहादू वळला, दोन वळणं उतरून खाली आला, एक शब्द न बोलता स्वतःचं पुढचं चाक काढून त्याला दिलं. वाल्मीक तिसरा आला. त्या प्रमाणपत्रावर खेळाडूच्या जागेतून नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. सहादू बसलेलं चाक हातात धरून रस्त्याच्या कडेला क्लबच्या जीपची वाट बघत उभा राहिला. जीप आलीच नाही. मग सायकल खांद्यावर टाकून तो चालत निघाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबात येऊन आधी विचारलं, "कॅप्टन, कितवे आले?"

त्यानंतर सहादू दर हंगामाला पिंपळगावकडं द्राक्षाच्या कामाला जायचा. पंधरा वर्षांत तो वाल्मीककडं काही मागायला आला नाही. दोन हजार सहाच्या जूनमध्ये आला, तो एका मुलीला घेऊन.

"कॅप्टन, वळखलं का?"

"सहादू! अरे, केस कुठं गेले तुझे?"

"गेले वाऱ्यावर. ही चांगुणा, माझी धाकली. घाटानं सायकलवर शाळंत जाती. यस्टीच्या पुढं निघती म्हणत्यात."

"एस्टीच्या?"

"चढाला," चांगुणा म्हणाली. "उताराला यस्टी पुढं."

स्नेहल फिस्सकन हसली. दोघी एकाच वयाच्या, सतरा. आठवड्याच्या आत चांगुणा क्लबची सायकल चालवू लागली आणि स्नेहलच्या खोलीत गादी टाकून झोपू लागली. पण त्या पहिल्या दिवशी निघताना जिन्यात सहादू घुटमळला.

"कॅप्टन, येक सांगू का? पोरीला थांबवू नका."

"म्हणजे?"

"माझं सोडा. मी थांबलो, त्येचं मला काय वाटत नाय. पन हिला नका. राज्यात पयल्या तिघीत आली तर भरतीला उपेग व्हतो म्हणत्यात. नायतर माझ्यासंगं द्राक्षाला हायेच."

"वेडा की काय तू! थांबवतोय कशाला?"

"दिला शबूद?"

"दिला रे बाबा."

सहादूनं मान डोलावली. द्राक्षाच्या कात्रीनं घट्टे पडलेला हात त्यानं वाल्मीकच्या हातात दिला आणि खाली उतरून गेला.

राज्याची शर्यत जानेवारीत ठरली. पेठहून निघायचं, घाट चढायचा, आणि माथ्यावरून पुढं अकरा किलोमीटर उघडा माळ, समोरून उगवतीचा गार वारा. वाल्मीकनं खेळात तसाच एक टप्पा हुडकला. दोन गड्यांची नावं खोडून इंग्रजीत स्नेहल आणि चांगुणा लिहिलं, आकडे बसवले आणि शर्यत लावली. चांगुणाला एकटी सोडली की ती घाटात सुसाट जायची, माथ्यावर मिनिटभर पुढं असायची, आणि माळावर तिची हिरवी पट्टी बघता बघता संपायची. सहावी. सातवी. एकदा अकरावी. तेच माथ्यावर तिला थांबवून स्नेहलला तिच्या पाठीमागं दिली, की स्नेहल तिसरी. वीस वेळा लावली. स्नेहल तेरा वेळा पहिल्या तिघींत.

"बघ," तो स्नेहलला म्हणाला. "मी म्हणत नाही, हे म्हणतंय."

स्नेहल खुर्चीच्या पाठीला टेकून बघत होती. "पप्पा, चांगुणाचा दम अठ्ठावन्न?"

"हो."

"आणि माझा चौऱ्याहत्तर?"

"मग? सरावात शेवटी मागं कोण पडतं? ती का तू?"

"ती पडते. आधी चाळीस किलोमीटर मला कोण ओढतं? रोज तुम्हीच लावता तिला पुढं. मी तिच्या आडोशाला बसून येते आणि शेवटी फुर्रकन निघते. मग ती मागं पडेल नाहीतर काय!"

"संघ असाच चालतो."

"संघ चालू दे. आकडा कुठून आणला?"

"बघून आणला. तीस वर्षं सायकल बघतोय मी."

"मग एकदा तिला एकटी सोडा ना सरावात. एकदाच. बघू तरी किती आहे."

"दहा दिवसांवर शर्यत आलीय, आता नाही ते प्रयोग नकोत," वाल्मीक म्हणाला. मग आवाज उतरवून, "बारावीनंतर काय करणार आहेस तू? काही ठरवलंयस? साठ टक्क्यांवर कोण दारात उभं करतंय? एक कागद असेल तर जन्माचं होतं. मला विचार."

बाहेर गॅलरीत चांगुणा दोघींच्या सायकलींच्या साखळ्या रॉकेलनं धूत होती. ऐकू गेलं असेल नसेल, तिचे हात चालूच होते.

पुढच्या रविवारी घरात कुणी नव्हतं. दोघी मुली वाल्मीकच्या बायकोबरोबर बाजारात गेलेल्या. कॉलनीत तीनला लोडशेडिंग. ते माहीत असून वाल्मीक अडीचला बसला. चांगुणाच्या दमापुढचे अठ्ठावन्न त्यानं खोडले आणि ऐंशी केले. हुकूम एकही दिला नाही. नुसता हात मांडीवर ठेवून बघत राहिला.

ती घाटात सुटली. माथ्यावर दीड मिनिट पुढं. माळावर पट्टी आखडली, अर्ध्यावर आली आणि तिथंच राहिली. मागच्या घोळक्याला ती पुन्हा दिसलीच नाही. पहिली आली, दोन मिनिटं राखून. स्नेहल नववी.

तीनला लाइट गेली, पडदा काळा झाला. काही साठवलेलं नव्हतं. लाइट आली तेव्हा यादीत चांगुणाच्या नावापुढं पुन्हा अठ्ठावन्नच होते. त्यानं ते तसेच राहू दिले.

शर्यतीच्या दिवशी त्यानं सहादूला क्लबच्या जीपमध्ये आपल्या शेजारी बसवलं. "पुढं बस. तुला सगळं दिसायला पाहिजे," तो म्हणाला, आणि ते त्याच्या मनापासूनच आलं होतं. सहादूनं धुतलेला सदरा घातला होता. घाट लागला आणि सातव्या वळणावर घोळक्यातून एक निळी जर्सी सुटली, तसा सहादू सीटवरून पुढं सरकला. दोन्ही हात डॅशबोर्डवर.

"निंगाली," तो हळूच म्हणाला. "निंगाली बगा, कॅप्टन."

चांगुणा सायकलच्या सीटवरून उठलीसुद्धा नव्हती. बसल्या बसल्या चढत होती, पाण्याला निघाल्यासारखी. माथ्यावर पोचली तेव्हा मागं कुणी नव्हतं. स्नेहल तीनशे मीटर खाली, पाचजणींच्या टोळक्यात, तोंड उघडं टाकून. रस्त्याच्या कडेला पाड्यावरची माणसं उभी होती, एका म्हातारीनं ताट वाजवायला घेतलं होतं.

वाल्मीकनं काच खाली केली. एकदा वाटलं, काच वर करावी. मग त्याची नजर मागच्या आरशात गेली, स्नेहलचं डोकं एकदा इकडं एकदा तिकडं पडत होतं.

"चांगुणा! थांब! स्नेहलला घे!"

चांगुणानं वळून बघितलं. आधी त्याच्याकडं नाही, शेजारी बसलेल्या बापाकडं. सहादूचे हात डॅशबोर्डवर तसेच होते. तिनं पाय थांबवले. ताट वाजायचं बंद झालं.

जीप हळू पुढं गेली. माळ लागला तसा सहादू म्हणाला, "शबूद दिला व्हता, कॅप्टन."

"तिच्याच भल्याचं आहे, सहादू. एकटी गेली असती तर माळावर बसली असती. वारा बघ केवढा आहे. कुणाच्याच हाताला काही लागलं नसतं. मी कॉम्प्युटरवर बघितलंय, वीस वेळा."

"कॉम्प्युटरवर?"

"हो. त्यात सगळं दिसतं. कुणाचा दम कुठं संपतो ते."

सहादूनं थोडा विचार केला. "तसं असंल मग," तो म्हणाला. "आपल्याला काय कळतं." आणि सीटला मागं टेकून बसला. वाल्मीकला सुटल्यासारखं झालं.

अकरा किलोमीटर चांगुणानं वारा खाल्ला. स्नेहल तिच्या मागच्या चाकाला चिकटून आली आणि शेवटच्या दोनशे मीटरला बाहेर निघाली. तिसरी. चांगुणा आठवी.

रेषेपलीकडं स्नेहल सायकलसकट मातीत आडवी झाली. चांगुणा तिच्याजवळ उभी राहिली, बाटलीतलं पाणी तिच्या मानेवर ओतलं, मग उरलेलं स्वतः प्यायली. सहादू जीपमधून उतरला. पूर्वी शर्यत संपली की गडी एकमेकांचा दम असाच बघायचे, तसा त्यानं लेकीच्या पाठीवर तळहात ठेवला. ठेवला आणि उचलेचना. वाल्मीक चार पावलांवर उभा होता. त्याला दिसत होतं, तो हात जागचा हलत नव्हता, कारण खाली पाठ धापेनं हलत नव्हती.

"कॅप्टन," सहादू म्हणाला, "पोरीला दम लागला नाय."

वाल्मीकनं नजर बक्षिसाच्या मांडवाकडं वळवली.

"त्या कॉम्प्युटराला कोन सांगतं, कुनाचा दम किती ते?"

"अरे, ते... असतं त्यात."

"पप्पा सांगतात, काका," स्नेहल म्हणाली. ती मातीत पडल्या पडल्याच बोलत होती, डोळे मिटून. "पप्पा टाकतात."

सहादूनं लेकीच्या पाठीवरचा हात काढला. चांगुणानं जर्सीवरचा नंबर सोडला, घडी केली, सायकल जीपला टेकवली आणि नंबर तिच्या सीटखाली खोचला.

"सायकल क्लबची हाय," ती म्हणाली. "चला, आबा."

दोघं पेठच्या दिशेनं चालायला लागले. पन्नासेक पावलं गेले असतील.

"सहादू!" वाल्मीक ओरडला. "सहादू, थांब!"

सहादू थांबला. पंधरा वर्षांपूर्वीची सवय, पाय आपोआपच थांबले. मान अर्धी वळलीही. चांगुणानं त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि ओढली. मग तो चालू लागला.

मांडवातला कर्णा खरखरला. तिसरा क्रमांक, नाशिक, स्नेहल वाल्मीक कुटे. कुणी हललं नाही. पुन्हा पुकारा झाला.

"ऊठ," वाल्मीक म्हणाला. "स्नेहल, ऊठ. नाव घेतायत."

स्नेहलनं डोळे उघडले. रस्त्यावर दोघं आता लहान दिसत होते. तिनं गुडघ्यावरची माती झटकली आणि उठून मांडवाकडं निघाली.