व्हेरी तास

आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, मुलाला परदेशी कॉलेजात सोडून परतले ते एक शब्द घेऊन. लोक चॉकलेट आणतात. भाऊंनी तिथल्या कमानीवरचा लॅटिन शब्द आणला, 'वेरितास'. तो आता अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या कॉलेजच्या फाटकावर लागणार होता आणि त्याचा अर्थ काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी रोज अमरावतीहून येऊन तिथे मराठी शिकवायचो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढंच मानधन, आणि उन्हाळ्यात हरी हरी.

"सर, तुमी भाषेचे मानूस," भाऊ म्हणाले. "नीट पाहून सांगा. उद्या कोनी इचारलं तं आपली फजिती नाही झाली पायजे."

मी इमानेइतबारे अभ्यास केला. 'वेरुस' म्हणजे खरा, त्यावरून 'वेरितास', सत्य. व्हेरिफिकेशन त्यातूनच निघालं, ज्यापायी आपलं अर्धं आयुष्य झेरॉक्सच्या दुकानात जातं. इंग्रजीतला 'व्हेरी'ही त्याच घराण्यातला. युरोपातल्या काही भाषांत याच मुळापासून झालेल्या शब्दाचा अर्थ मात्र 'विश्वास' असा होतो. शिवाय रोमन लोकांची या नावाची देवीही होती. ती म्हणे विहिरीच्या तळाशी लपून बसायची, आणि मुलगी होती शनीची.

भाऊ दचकले. "शनीची पोरगी? हे कोनाले सांगू नका. एक ॲडमिशन होनार नाही."

पेंटरने शब्द फोनवर ऐकला आणि ठसठशीत देवनागरीत रंगवला: 'व्हेरी तास'. आठ दिवस कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. तासावर राबणाऱ्या आम्हा चौघांना तर संस्थेने आमच्याबद्दल पहिल्यांदाच काही खरं लिहिलं असं वाटलं. सगळ्यात जास्त हसली ती इंग्रजीची मॅडम. आमच्यात वयाने सर्वांत लहान, माझ्यासारखीच अमरावतीची, बडनेरा स्टेशनवरून गाडी धरणारी. घरची फुलशेती होती. वर्गात तिचा आवाज असा लागायचा की शेजारच्या वर्गातली माझी मुलंही तिचंच ऐकायची.

मग तपासणी समिती येणार असं कळलं. भाऊंनी पाटी दुरुस्त करून घेतली आणि आम्हालाही. "समितीनं इचारलं तं सारे फुल टाइम हाये म्हना. सर, या वर्षी तुमाले पक्कं करून राहिलो मी."

माझी चाळिशी उलटलेली, मुलगी दहावीत. 'पक्कं' हा शब्द मला कुठल्याही लॅटिनपेक्षा गोड लागला.

समितीतल्या ज्येष्ठ गृहस्थांनी नेमकं मॅडमलाच विचारलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "नाही सर, मी तासावर आहे. आम्ही चौघंही."

भाऊ पंख्याकडे पाहू लागले. ते गृहस्थ माझ्याकडे वळले. "हे खरं आहे का?"

त्या अख्ख्या इमारतीत सत्याचा एकमेव जाणकार मीच होतो. म्हणालो, "मॅडमचा काहीतरी गैरसमज झालाय. आम्ही सगळे पूर्णवेळ आहोत."

त्यांचा विश्वास बसला. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने माझं काही चुकलं नाही.

जूनमध्ये माझी ऑर्डर आली. मॅडमला नव्या वर्षी तासांनाही बोलावलंच नाही. मी चौकशीही केली नाही. नव्या नोकरीत फार चौकशा करू नयेत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अमरावतीच्या फुलबाजारात ती दिसली. झेंडूच्या ढिगाशी वडिलांबरोबर बसली होती. मी वाट बदलणार तोच तिने हाक मारली. "सर! ऑर्डर आली म्हणे तुमची?"

"हो," मी म्हणालो.

"बाबा, हे आमचे सर," ती कौतुकाने सांगू लागली. "पक्के झाले."

म्हाताऱ्याने मला हात जोडले आणि साधेपणाने लेकीला विचारलं, "मंग तुही ऑर्डर काहून नाही आली वो?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तिने ओंजळभर झेंडू माझ्या पिशवीत टाकला.

"माहाच काहीतरी गैरसमज झाला होता, बाबा," ती म्हणाली.