कोपरापर्यंत हात

माझ्या वहिनीला सगळी गल्ली कोठीबाई म्हणायची. तीस वर्षं तिने मुलींच्या वसतिगृहाची कोठी सांभाळली, म्हणजे दोनशे पोरींचं वर्षभराचं धान्य. तिच्या कोठीत किडा दिसला असं कुणी सांगितलं तर तो त्यानेच खिशातून नेला असणार, मी पैजेवर सांगते. घरीही तोच कारभार. मागच्या खोलीत विटांवर फळ्या, फळ्यांवर पत्र्याची सहा पिंपं, तीही भिंतीपासून वीतभर लांब, ओल लागू नये म्हणून. जुन्यावर नवं ओतायचं नाही. डाळ आणली की आधी चार दिवस फ्रीजरमध्ये, किड्यांची अंडी मरायला. मी एकदा म्हटलं, "वहिनी, या घरात माणसापेक्षा डाळीचे लाड जास्त." ती म्हणाली, "माणसाला जाळी धरत नाही, वन्सं."

दादाला, म्हणजे माझ्या भावाला, यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याच्याकडे एकच काम होतं. गहू गच्चीवर दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवले की सावलीत ओढून निववायचे. गरम भरले तर झाकणाखाली घाम सुटतो, ओल धरते आणि मग सोंडकिड्यांची चंगळ. वरून गार लागतात, पण पोटात ऊन असतं. म्हणून दादा बाही सारायचा, ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि डोळे मिटून बसायचा. मग भलं मोठं निदान केल्यासारखा ओरडायचा, "अजून गरम आहेत गं!" की वहिनी थांबायची. बाकी तिने कुणाचं म्हणून ऐकलं नाही, पण या एका बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

तो गेला त्या दुपारीही गहू गच्चीवरच होते. खाली आला, पाणी मागितलं, खुर्चीत बसला. वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत आटोपलं होतं. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं आणि वहिनीच्या हातात तो पेला तसाच. तो काढून घ्यायचं एकालाही सुचलं नव्हतं. मला रडू येईना. काहीच येईना. काहीतरी करायला हवं म्हणून गच्चीवर गेले, तर तिथे चार जण फोनवर बोलत उभे, एकाचा बूट चादरीवर.

"मेल्यांनो, खाली माणूस गेलाय आणि तुम्ही धान्य तुडवताय?" मी अशी काही खेकसले की चौघे पळाले. मग एकटीने चार खेपा करून सगळे गहू खाली आणले, शेवटच्या पिंपात भरले, झाकण दाबलं, कडेभोवती कापडाची पट्टी गुंडाळली. हाताला ऊब लागत होती. हाताला कळत होतं, डोक्यात शिरत नव्हतं.

आठवड्याने भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाली, "गच्चीवरून शेवटची हाक कसली मारली माहितेय? अजून गरम आहेत गं, उद्या भरू." देठ मोडत राहिली. "तुम्ही उचलून ठेवलेत ते बरं केलंत. त्यांचा हात फिरलाय त्या गव्हांवर. ते पिंप सगळ्यात शेवटी काढू."

हाताला लागलेली ती ऊब आत्ता कुठे डोक्यात शिरली. तेव्हाच सांगितलं असतं तर पुन्हा उन्हात घालून सगळे वाचले असते. पण तोंड उघडेना. एरवी माझी जीभ आवरत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

मी तिच्याकडेच राहायला गेले. वहिनी उठायची, अंघोळ करायची, ताट पुढे ठेवलं की जेवायची. रडली नाही. शेजारीण म्हणाली, "रडवा हो तिला, मोकळी होईल." मी म्हटलं, "तुम्हीच या सकाळी, रडवून जा." खरं सांगायचं तर मीही तशीच झाले होते, लाकडासारखी. दिवस यायचा, जायचा. नजर लावून बसलो होतो आम्ही दोघी त्या एकाच पिंपाकडे. ती न उघडता, मी न बोलता. जुनं पिंप खाली खाली जात होतं आणि मी रोज पीठ मळताना एक मूठ कमी घ्यायचे, तेवढाच एक दिवस लांबेल म्हणून.

पाच महिन्यांनी जुनं पिंप संपलं. सकाळी वहिनीने शेवटच्या पिंपाची पट्टी सोडली आणि झाकण काढलं. कुबट वास आला. वरचे गहू गोळे होऊन बसले होते आणि काळे सोंडकिडे काठावर चढत होते, शेकड्यांनी.

"मी भरले, वहिनी. गरम गरमच भरले," मी म्हटलं. "तुमची एवढी एकच वस्तू, तीही नासवली मी."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्या दिवसापासून. ढीग होता वर आणि संध्याकाळी पिंप भरलेलं. एका दुपारीत निवतात होय गहू? तीस वर्षं काय झोपा काढल्या मी?"

"मग तेव्हाच का नाही उघडलंत? वाचले असते ना!"

"वाचले असते," ती म्हणाली. "मग दळून खाल्ले असते. संपले असते."

तिने बाही सारली. किडे मनगटावरून चढत होते, तिने झटकले नाहीत. गोळे फोडत कोपरापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटले. कीड माजली की धान्य आतून तापतं, हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं.

"अजून गरम आहेत गं," वहिनी म्हणाली, आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

ती रडली, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. हात काही बाहेर काढला नाही. मी शेजारी बसले आणि माझाही हात आत घातला. खरंच गरम होते.