रखडणे, बडोद्याच्या अर्थाने

बडोद्याला गाडीतून उतरलो, तर धाकटा भाऊ सुधीर स्कूटर घेऊन स्टेशनाबाहेर हजर. "दादा, घरी नंतर. आधी रखडायला जायचंय, माणसं खोळंबलीत."

पुण्याच्या वाचकांना सांगायला हवे. आपल्याकडे रखडतात ती कामे. बडोद्यात रखडतात माणसे. शब्दाचा हा अर्थ गुजरातीतला: कामाशिवाय, वाट फुटेल तिकडे भटकणे. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही भाऊ याच अर्थात वाढलो.

मांडवी दरवाजापाशी वीसेक जण जमले होते. गोरव्याच्या कारखान्यात आठवडाभर लेथ चालवणारा सुधीर दर रविवारी त्यांना जुन्या शहरात हिंडवतो. ठरलेला रस्ता नाही. नावच रखडपट्टी (भटकंती). एखाद्या कोरीव खांबापाशी तो थांबला, की वीस माना वर. ओट्यावरच्या एका काकांनी हाक दिली, "आव्यो अमारो रखडेल!" (आला आमचा भटक्या!) त्या हाकेतली माया ऐकून माझी छाती फुगली. आणि आत टोचलेही.

सेव-उसळीच्या (वाटाण्याचा जाळ रस्सा, वर शेव) गाडीवर मी शेवटी तोंड उघडले. वीस वर्षांपूर्वी सुधीरला साताऱ्याचे स्थळ आले होते. मुलीच्या वडिलांनी मला विचारले, "सुट्टीत काय करतो मुलगा?" मी म्हणालो, "रखडतो." त्यांना वाटले, याचे सगळेच अडून राहते. नकार आला. घरी सगळे म्हणाले, शब्दाने घात केला. सुधीरचा संसार पुढे चांगला झाला. माझ्या घशातला काटा निघाला नाही.

"शब्दाने नाही, मी केला," मी म्हणालो. "पुण्यात चार वर्षं काढली होती. त्यांना काय ऐकू जाईल, ठाऊक होतं मला. माझं लग्न जमत नव्हतं, आणि तुझं आधी होणार होतं."

त्याने चमचा खाली ठेवला. "तिचा फोटो पाकिटात होता माझ्या," एवढेच बोलला.

मी रस्सा ढवळत राहिलो. मग तोच उठला. "दादा, मी रखडलो तो बडोद्यातला. तुझं हे बोलणं मात्र पुण्यातलं रखडलं. चाल ने (चल ना). तू शेवटाला राहा, कोणी मागे पडलं तर बघ."

दुपारपर्यंत मी शेवटाला चाललो. कोणी चुकले नाही.

परतीच्या गाडीत समोर कोल्हापूरचे एक गृहस्थ होते. "बडोद्यात कोण आपलं?"

"भाऊ. तिथे रखडतो."

"अरेरे! बढतीत का?"

या वेळी मी गप्प बसलो नाही. सुरत येईपर्यंत त्यांना अर्थ सांगत राहिलो.