नवलसिंगची सीताफळं

पडदा वर जातो तेव्हा समोर तोरणमाळचा तलाव. काठावर एका जुन्या संस्थानिकाचा दगडी बंगला, मागे उतरत गेलेली बाग, आणि फाटकाशी चाव्यांचा जुडगा घेऊन उभा नवलसिंग पावरा. साल १९५८. शहाद्याला आमच्या नाटक मंडळीचा मुक्काम होता. मोकळा दिवस मिळाला म्हणून मी बंगला बघायला घाट चढून आलो होतो.

त्याने आधी खोल्या दाखवल्या, मग बाग. गुलाबाचे वाफे, पाटाचं पाणी, सीताफळांच्या तीन रांगा. तीस वर्षं सगळं त्यानेच राखलेलं. मी नाटकात राजा होतो हे कळल्यावर त्याने विचारलं, "राजा शे ना तुम्ही? मंग तुमना बंगला कोठे शे?"

"तंबूत," मी म्हणालो.

बंगला आता सरकारजमा झाला होता. त्याच दुपारी धुळ्याहून साहेब आले. माळ्याची जागा कायम करायची की नाही, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. बाग त्यांना आवडली. सीताफळांपाशी थांबून ते म्हणाले, "नवलसिंग, चार काढ. घरी नेतो."

"आठ दिन थांबा साहेब. गावनी पूजा नही व्हयनी आजून. देवले दखाडाशिवाय नवं फळ आम्ही तोडतस नही."

"बाग सरकारची आहे."

"हां साहेब. पूजा गावनी शे."

साहेबांचा ड्रायव्हर हसला. "बाबा, देवाला कळवा, साहेबांना उशीर होतोय."

माणसाची नोकरी चालली, असं मला वाटलं. मी पुढे झालो आणि एका फळाला हात घातला. नवलसिंगने माझं मनगट धरलं. हात खडबडीत होता, पण पकड हलकी होती. साहेब रिकाम्या हाताने मोटारीत बसले. जागा कायम झाली नाही.

१९६६ साली आमची मंडळी फुटली होती. मी पुन्हा वर गेलो. नवलसिंग त्याच बागेत रोजंदारीवर पाणी सोडत होता. पाठ वाकली होती, नजर अधू झाली होती. मी नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. मी त्या दिवसाबद्दल बोलायला लागलो, तर त्याने लक्षच दिलं नाही. माझा हात धरून मला तिसऱ्या रांगेत नेलं, एक पिकायला आलेलं, डोळे उघडलेलं फळ चाचपून शोधलं आणि माझी बोटं त्यावर ठेवली.

"तोडा राजा. काल पूजा व्हई गई."