प्रेक्षकांना विश्वासात घेणाऱ्या कुमुदताई

चित्रपट-संकलक कुमुदताई रेगे यांना मी प्रथम भेटले ती गिरगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात. त्यांना मदतनीस हवी होती आणि मी नुकताच संकलनाचा अभ्यासक्रम संपवून तोऱ्यात होते. ताईंनी माझं प्रमाणपत्र पाहिलंच नाही. "एखादी गोष्ट पोटात ठेवता येते का तुला?" त्यांनी विचारलं. मी घाईने हो म्हटलं. "आणि वेळेवर सांगता येते का?" मग उत्तराची वाट न पाहता त्यांनी मला ठेवून घेतलं.

ताईंची एक रीत परिचितांना ठाऊक आहेच. फिल्म अर्धीमुर्धी जुळली की त्या वाडीतल्या दोघाचौघांना चहाला बोलावतात, ती दाखवतात आणि मध्येच थांबवतात. आवडली का, असं त्या कधीच विचारत नाहीत. "आत्तापर्यंत तुम्हाला काय काय कळलं?" एवढंच विचारतात. भलेभले दिग्दर्शक या चहाला टरकून असतात.

माझ्यावर ही पाळी आली ती माझ्या पहिल्या माहितीपटाच्या वेळी. माझे वडील परळच्या आमच्या चाळीतल्या भीमगीतांच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. त्यात आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधी आईला आणि मला सांगितलं. बाबांना ते आठवड्याने कळलं. तो आठवडाभर आई रोज इस्पितळात हसतहसत त्यांच्याकडून एकेक गाणं म्हणवून घेत होती आणि मी ते फोनच्या कॅमेऱ्यात टिपत होते. डॉक्टर काय म्हणाले होते, हे आई सांगते ते दृश्य मी अगदी शेवटी ठेवलं. लोक हादरतील, अशी माझी खात्री होती.

ताईंनी फिल्म मध्येच थांबवली. शेजारच्या लेलेकाकू म्हणाल्या, "बाई जरा निर्दयच वाटते हो. आजारी माणसाला कशाला गायला लावायचं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हीच फिल्म महिन्याभराने चाळीच्या पटांगणात आईच्या देखत दाखवायची होती.

काकू गेल्यावर मी म्हटलं, "शेवटी कळेल ना त्यांना."

"कळेल," ताई म्हणाल्या. "पण तोवर वीस मिनिटं तुझ्या आईला नावं ठेवून झालेली असतील. तुझ्या एका धक्क्यासाठी तिने ती का ऐकून घ्यायची?"

मला राग आला, हे कबूल करते. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी दुखरे गुडघे घेऊन ताई आमचे तीन मजले चढल्या. "जयभीम ताई, चाय टाकते," आई म्हणाली. ताई तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. "डॉक्टर काय म्हणाले, हे लोकांना आधी सांगायचं, शेवटी, की सांगायचंच नाही, ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. आईने ताईंच्या हातात चहाचा कप दिला. मग म्हणाली, "पहिलंच सांगा. मला त्यांचा आवाज साठवून ठेवायचा होता. त्यात लपवायचं काय?"

आम्ही आईचं बोलणं सुरुवातीला आणलं. बाकी एकाही दृश्याला हात लावला नाही. पटांगणात तिचं तेच हसणं पडद्यावर आलं, तेव्हा शेजारणीने तिचा हात घट्ट धरला. बाबा पलीकडे बसून आपली गाणी ऐकत होते. आता ते गळ्याला यंत्र लावून बोलतात आणि पार्टीतल्या नव्या पोरापोरींना ताल शिकवतात.

पंचाहत्तरी गाठलेल्या ताईंचे डोळे असेच तेज राहोत, गुडघ्यांना आराम पडो आणि त्यांच्या चहाची धास्ती आम्हा सगळ्यांना आणखी पुष्कळ वर्षं वाटत राहो. आईनेही निरोप दिला आहे, तो तिच्याच शब्दांत देते: "ताई, तुम्ही शंभरी गाठा. त्या दिवशी सगळ्या चाळीसमोर मी मान वर करून बसले, ते तुमच्यामुळे."