सहा वाजताचा प्रोटेस्ट

"मॅडम, फक्त शिक्का मारा. कॅप्टन घाईत आहेत," असं म्हणत शिपिंग एजंट देसाईने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी शिक्का उचललाही होता. वीस वर्षं हा माणूस माझ्याकडे येतोय. खोटं कशाला बोलू, त्याचे निम्मे कागद मी वाचतच नसे.

मी गिरगावात नोटरी आहे. जहाजाचं समुद्रात नुकसान झालं, की बंदरात उतरून कॅप्टन नोटरीपुढे शपथेवर सांगतो, अमुक वेळी अमुक घडलं. त्याला 'प्रोटेस्ट' म्हणतात. नाव भांडखोर, काम साक्षीचं. सोबत लॉगबुक लागतं, म्हणजे जहाजाची रोजनिशी.

कॅप्टन कांबळे समोर बसले होते. परळच्या चाळीत वाढलेले, गिरणी कामगाराचा मुलगा. लॉगबुक छातीशी धरून बसले होते, टेबलावर ठेवीनात. तेव्हा कुठे मी शिक्का खाली ठेवला आणि लॉग मागून घेतला.

कागदात लिहिलं होतं, पहाटे पाचला शत्रूच्या होड्यांनी जहाजावर हल्ला केला. लॉगमध्ये वेळ सहाची. आणि पेपरात मी वाचलं होतं, की त्याच पहाटे साडेपाचला एका देशाने शेजाऱ्यावर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. कारण दिलं होतं, त्यांच्या बंदरात येणाऱ्या व्यापारी जहाजावर शेजाऱ्याच्या होड्यांनी हल्ला केला. ते हेच जहाज.

"अहो, जहाजाचं घड्याळ तासभर पुढे होतं," देसाई म्हणाला. "सहा म्हणजे पाचच."

जहाज पश्चिमेकडे चाललं की घड्याळ मागे करतात, आणि तशी नोंद ठेवतात. मी मागचं पान उलटलं. घड्याळ आदल्या रात्रीच तासभर मागे केलेलं होतं. सहा म्हणजे सहाच.

"होड्या कुणाच्या होत्या?" मी कांबळेंना विचारलं.

"मच्छीमारांच्या. जाळी टाकून बसले होते. बॉम्ब त्यांच्यावर पडला, तुकडे आमच्या डेकवर आले."

"देसाई, तुला हे माहीत होतं?"

"मॅडम, वरून आलंय. कंपनीची जहाजं बॉम्ब टाकणाऱ्या त्या देशाच्याच बंदरात जातात."

कांबळे खाली बघत म्हणाले, "सही नाही केली तर मला पुढचं जहाज मिळणार नाही. एका तासाने असा काय फरक पडतो, मॅडम?"

मला राग आला. स्वतःचाही आला. म्हटलं, "कायद्याने देशाला स्वसंरक्षणासाठी शस्त्र उचलता येतं. पण त्यासाठी आधी त्याच्यावर हल्ला व्हावा लागतो. झालेला नसला, की आधीची वेळ घालून असा कागद तयार करतात. तुमच्या सहीने ते मेलेले कोळी हल्लेखोर ठरतील."

कांबळेंनी लॉगचं पान पुन्हा उलटलं. मग म्हणाले, "त्यातला एकजण पोहत आमच्या शिडीपर्यंत आला होता. वर घेईपर्यंत गेला."

त्यांनी कोरा कागद मागितला. स्वतःच्या हाताने सगळं लिहिलं, वेळ सहा. मी नोंद केली, शिक्का मारला. देसाई त्याचा कागद घेऊन निघून गेला. नंतर माझ्याकडे फिरकला नाही.

आमच्या प्रोटेस्टने काही थांबलं नाही. बॉम्ब पडतच राहिले. त्या देशाचा प्रवक्ता अजून पाचच सांगतो. कांबळेंना दीड वर्षात जहाज मिळालेलं नाही. फोन केला की कंपनी म्हणते, व्हेकन्सी आली की कळवू. मला फार वाईट वाटतं.

मी आता प्रत्येक कागद वाचते. हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, जमायला वीस वर्षं लागली. त्या देशाने युद्ध कधी जाहीर केलंच नाही. त्यामुळे ते संपल्याचंही अजून कुणी जाहीर केलेलं नाही.