पाण्यातली पोर आणि पेवातली म्हातारी

आमच्या घराण्यात मला कुणी काम सांगत नाही, गोष्ट सांगायला सांगतात. लग्नकार्यात बाकीचे पुरुष मांडव घालतात, पंगती वाढतात, आणि माझ्याकडे सगळी रडकी पोरं आणून सोडतात. बायको म्हणते, "ह्यांच्या हातात दोरी द्या, गाठ काय बसायची नाही, पण दोरीची गोष्ट तासभर चालेल." खोटं कशाला बोलू? एरवी हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून बसतो. तिथंही मालक म्हणतात की माझ्याकडं आलेलं गिऱ्हाईक हळद विसरतं, पण घरी जायचं नाव घेत नाही.

माणदेशात पाणी संपलं त्या उन्हाळ्यात माझी भाची सांगलीला आमच्याकडे आली. मेव्हणे मुंबईला गोदीत कामाला, आणि ताई गावी शेरडं सांभाळत, मैलोन् मैल घागरी वाहत. पोरीची अकरावीची परीक्षा झाली होती. ताईनं तिला गाडीत बसवताना मला निरोप धाडला, "एक तोंड तरी पाण्याला लावून ठेव."

आली त्या दिवशी तिनं एका तांब्यात हातपाय, तोंड आणि पुढं तेच पाणी जपून दारातल्या तुळशीला, असं सगळं उरकलं. बायको बघतच राहिली. त्या साली कृष्णाही बरगड्या दिसाव्यात इतकी आटली होती, पण घाटाखाली पाणी होतं. पोरं पाठीला भोपळे बांधून डुंबायची. भाची मात्र शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसायची, घोट्यापर्यंत. त्याच्यावर कधी पाणी येऊ दिलं नाही तिनं. म्हणायची, "एवढं पुरं."

रविवारी दुपारी मी घाटावर गोष्टी सांगायचो. माझी दोन पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायची. भाची जांभई द्यायची. कोल्ह्याची सांगितली, जांभई. सात राण्यांची सांगितली, जांभई. शेवटी म्हणाली, "मामा, बारक्या पोरांच्या गोष्टी नका सांगू. माणसं खरंच मरत्यात, तसली सांगा."

आता हे आव्हान झालं. वाचनालयाच्या रद्दीतून मी एकदा परदेशी गोष्टींचं एक फाटकं पुस्तक आणलं होतं. त्यात समुद्रातल्या मासोळी-पोरीची एक गोष्ट होती, पण शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली. मी म्हटलं, बरंच झालं. समुद्र उचलून मी सांगलीशेजारच्या हरिपूरच्या संगमावर आणला. पोर वर माणूस आणि कमरेखाली मरळ मासा.

"मरळ काळी असती," भाची म्हणाली.

"म्हणून तर आपल्याकडली वाटते," मी म्हणालो.

साताऱ्याकडचा एक सरदाराचा पोरगा घोड्याला पाणी पाजायला संगमावर येतो, ही त्याला बघते, आणि हिला पाय हवेसे वाटतात. इथवर पुस्तकातलं. पण पाय देणारी चेटकीण मी कुठं ठेवावी? हरिपूरच्या हळदीच्या पेवात. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंडाची खोली. हळद तिथं वर्षानुवर्षं टिकते, पण पेव उघडलं की आतली हवा माणसाला मारते. म्हणून आधी दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर कुणीही उतरायचं नाही. माझी म्हातारी जिथं कंदील विझतो तिथं बसलेली. ती म्हणते, "पाय देते. जीभ दे." आणि तळपायाला पेवातली हळद चोळते. त्या पायांनी पोर जमिनीवर उभी राहते तेव्हा प्रत्येक पावलाला बाभळीचा काटा आरपार जातो. बोंब मारावी तर जीभ नाही.

माझ्या पोरांनी एकमेकांचे हात धरले. भाची पहिल्यांदाच पाण्यातून पाय काढून माझ्याकडे वळून बसली. मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

"जीभ देताना तिनं काय विचारलं न्हाई?" ती म्हणाली.

"काय विचारणार?"

"हे पाय घेऊन जायाचं कुठं? त्या सरदाराच्या घरात काय हाय, काय न्हाई? मी असते तर जीभ द्यायच्या आधी विचारून घेतलं असतं."

"गोष्टीत असलं विचारत नसतात," मी ठसक्यात सांगितलं.

मग पोर सरदाराच्या घरी पोचली. सगळे जमले, तिला मधे उभं केलं, चालून दाखव म्हणाले. ती हसत हसत काट्यांवरून चालली. मग घरातल्या वडीलधाऱ्यानं विचारलं, "पोरी, नाव काय तुझं?"

इथं मी थांबलो. पुढची पानं उंदरांच्या पोटात होती, आणि चहाची वेळही झाली होती. "राहिलेलं पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी भाचीला बघायला पाहुणे येणार असल्याचं बुधवारी कळलं. स्थळ साताऱ्याकडचं, मुलगा फौजेत, रजेवर आलेला. गावी पाहुण्यांच्या पायावर घालायलाही पाणी नाही, म्हणून कार्यक्रम आमच्याकडे. ताई बाजरीच्या पिठाची गठुडी घेऊन आदल्या दिवशी आली. डाव्या कमरेवर घागरीनं पडलेला घट्टा ती बोलताना सारखा चोळायची. तिचं एकच म्हणणं, "हे जमलं तर पोरगी ह्या वनव्यातनं सुटंल." बायकोनं भाचीला स्वतःची साडी दिली, नव्या चपला दिल्या. मला ताकीद दिली की जास्त बोलायचं नाही.

मुलगा, त्याची आई आणि चुलते असे तिघं आले. चुलते मोठ्या फेट्याचे, आवाज माळावरनं हाक मारावी तसा. मुलगा गुडघ्यांवर हात ठेवून परेडीला बसल्यासारखा. पोहे झाले. भाची येऊन बसली.

"चार पावलं चालून दाखव बघू," चुलते म्हणाले.

ती चालली. नव्या चपला तिला चावत होत्या, हे मला तिच्या तोंडावरून दिसलं. मला घाटावरची, काट्यांवरून चालणारी पोर आठवली. दारात उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या पोरानं मोठ्याला कोपरानं ढोसलं. म्हणजे त्यांनाही तेच आठवलं होतं.

चुलत्यांनी विचारलं, "पोरी, नाव काय तुझं?"

भाचीनं वर बघितलं. चुलत्यांकडं नाही, मुलाकडं. तिचे ओठ हलले आणि थांबले. मला पेव दिसलं, कंदील विझताना दिसला. माझ्या गोष्टीनं पोरीची वाचा गेली, आणि आता हे लग्न माझ्यामुळं मोडणार, असं मला वाटलं. मी तिचं नाव सांगून टाकलं.

"शिक्षान?"

"अकरावी," मी म्हणालो. "गणितात पहिली."

"सैपाक?"

"भाकरी अशी गोल करते की ताटाला लाज वाटावी. पुरणपोळी तर..."

"आवं पाव्हणं," मुलाची आई म्हणाली, "पुरणपोळी तुमी करता का ही करती?"

बायकोनं स्वयंपाकघरातून भांडं आपटलं. ही खूण मला कळायला हवी होती. पण एकदा सुटलेली गाडी. भाचीनं दोनदा मान वर केली, आणि दोन्ही वेळा मी तिच्या आधी पोचलो. शिवण, टिपण, देवधर्म, सगळं मीच सांगितलं. एका भजनाचं विचारलं तेव्हा मी गाऊनही दाखवलं असतं, पण ताईनं माझा सदरा मागून ओढला.

निघताना चुलत्यांनी मला उंबऱ्याबाहेर घेतलं. "पाव्हणं, पोरगी मुकी असंल तर तसं सांगायचं. फसवाफसवी कशापायी?" आणि तिघं स्टँडकडं चालू लागले.

मी आत आलो तर ताई भिंतीला डोकं टेकून बसलेली. मी भाचीला म्हणालो, "तुझी चूक नाही गं. ती गोष्ट मी सांगायला नको होती. तुझी वाचाच बसली."

"माझी वाचा?" ती उभी राहिली. "आवं मामा, मी बोलणारच होते! शब्द जुळवत होते. तुमी बोलू दिलं कुठं?"

"पण तुझे ओठ थांबले..."

"मला एकच विचारायचं होतं. त्यांच्यात पाणी किती लांब हाय. पाव्हण्यांना असलं विचारावं का न्हाई, म्हणून थांबले. तेवढ्यात तुमी गणितात पहिली आणलंत."

ताई डोकं न उचलता म्हणाली, "लहानपणी तुझ्या तोंडाला कुलूप घालाया पायजे हुतं रं."

भाचीनं चपला काढून कोपऱ्यात भिरकावल्या आणि ती स्टँडकडं निघाली. मी मागं. चैत्रातल्या दुपारची डांबरी सडक, ती अनवाणी. मी म्हणालो, थांब, माझ्या वहाणा घाल. "गप चला," ती म्हणाली. टाचा उचलून उचलून ती चालत होती, आणि मी मागून प्रत्येक पाऊल मोजल्यासारखं बघत होतो. हे काटे मी केवढ्या हौसेनं पेरले होते घाटावर!

साताऱ्याची गाडी लागलेली होती. चुलते पायरीवर चढत होते. भाची सरळ मुलापुढं जाऊन उभी राहिली. धाप लागलेली, केस सुटलेले.

"मी मुकी न्हाई," ती म्हणाली. "एक विचारायचं हाय. तुमच्या घरापासनं पाणी किती लांब हाय?"

चुलते पायरीवरनं गरजले, "दारात आड हाय आमच्या! सारं गाव वापरतंय."

मुलगा पहिल्यांदाच बोलला. "आड आटलाय औंदा. वड्यात झरा धरलाय, तिथनं आणायचं. दीड मैल हाय." थोडं थांबून म्हणाला, "आई आणती. मी रजेवर असलो की मी आणतो."

"तुला कुणी इचारलं रं?" चुलते म्हणाले.

"मलाच विचारलं की त्यांनी."

त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. हसली की काय, कळलं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बैठकीत त्या पोराचंही एक अक्षर कुणी ऐकलं नव्हतं. त्याच्या बाजूलाही एक मामा होता, फक्त फेटा बांधलेला.

भाची काहीतरी म्हणणार होती. पण कंडक्टरनं घंटी ओढली, चुलत्यांनी मुलाला दंडाला धरून आत घेतलं, आणि खिडकीतनं मला म्हणाले, "पाव्हणं, मुकी परवडली असती!"

गाडी गेली. मुलगा मागच्या काचेतनं बघत होता. निदान मला तसं वाटलं. माझ्या वाटण्याचा भरवसा काय?

येताना तिनं माझ्या वहाणा घातल्या, मी अनवाणी चाललो. एवढंच प्रायश्चित्त जमलं, त्याचीही पुढं चार दिवस फोड दाखवून मी सगळ्यांकडून दया वसूल केली. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "त्यो खरं बोलला."

"व्हय."

"आन् लगीच बोलला."

मला गोष्टीचा शेवट सुचला. म्हणालो, "ऐक, मग तो सरदाराचा पोरगा पेवापाशी येतो, म्हातारीकडनं जीभ सोडवून..."

"मामा," ती म्हणाली, "बारक्या पोरांच्या गोष्टी नका सांगू."

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याची गाडी धरायला पिशवी भरली. म्हटलं, त्या पोराला एकट्याला गाठतो, सांगतो की चूक माझी. ताई दारात आडवी उभी राहिली. "आता तू कुठं जाऊ नगंस, आन् बोलू तर मुळीच नगंस." आणि मी, जन्मात कुणाचं ऐकून गप्प न बसणारा माणूस, पिशवी ठेवून दिली. जिथं गप्प बसायचं तिथं बोललो, आणि जिथं बोलायचं तिथं आज्ञाधारक झालो. मनातून मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे बायकोनं ओळखलं. तिनं पिशवीतले कपडे काढून पुन्हा दांडीवर टाकले. तिचं न बोलणं फार लागतं.

पुढं भाचीचं लग्न सांगलीतच, विश्रामबागेत झालं. माणूस भला आहे, कचेरीत आहे, दारात नळ आहे. नळाला पाणी आलं की ती अजून घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवते, वाट्यासुद्धा. सुखात आहे असं सगळे म्हणतात, मीही म्हणतो. रजेवर आलेला एखादा फौजी तिच्या रस्त्यावरून गेला, तर ती बोलत बोलत मधेच थांबते. मग पुन्हा सुरू करते. थांबते ते मी बघतो. दुसरं कुणी बघत नाही.

गेल्या दिवाळीत सगळं गोत आमच्याकडं जमलं. मला गोष्ट सांगायला बसवलं, आणि पोरांनी पाण्यातल्या पोरीचीच मागितली. माझ्या थोरल्यानं कधीतरी अर्धी सांगून ठेवली होती. मी म्हणालो, तिचा शेवट मला येत नाही. भाची कडेवरचं मूल सावरत पुढं आली. "मला येतो," म्हणाली.

तिनं सांगितलं ते असं. पाण्यातली पोर सरदाराकडनं परत फिरली, तशीच काट्यांवरून, आणि हरिपुरात पेवाच्या तोंडाशी येऊन बसली. या वेळी तिनं कंदील आत सोडला. तो विझला. पण आतून आवाज येत होता. म्हातारीनं जीभ घेतली होती खरी, पण आता तिच्या तोंडात दोन जिभा झाल्या होत्या. तिला गप्प बसताच येईना. दिवसरात्र बोलतेय, प्रत्येकाच्या आधी बोलतेय. पोर ऐकत बसली. मग तिनं पेवावर दगड सरकवला, वर माती लिंपली, आणि दुखऱ्या पायांनी नदीत जाऊन घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली.

"म्हातारी दिसायला कशी होती?" एका पोरीनं विचारलं.

"जाडी. टक्कल पडलेली. आन् कमरेला तपकिरीची डबी."

सगळी पोरं माझ्या कमरेकडं बघायला लागली. मी डबी हळूच सदऱ्याखाली सरकवली.

"मग मेली का ती?"

भाचीनं माझ्याकडं बघितलं. हसत होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "अजून बोलतीया."

मी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.